डाग तेवढा पुसा

गाडीच्या तोंडावर मेलेले किडे दिसले की आमच्या घरात एकच हुकूम सुटतो, "गाडी धुवायला सांगा." पुसायला नाही, धुवायला. डाग असतात वीतभर जागेत, दहा-पंधरा. पाइप मात्र टपापासून चाकापर्यंत फिरतो. पाणी अंगणातून फाटकाबाहेर, फाटकातून रस्त्यावर, रस्त्यावरून गटारात. गाडी चकचकीत झाली की सगळ्यांना वाटतं, झालं काम.

मला या हुकुमाविरुद्ध भांडायचं आहे. भांडण गाडीचं वाटेल, पण ते पाण्याचं आहे, एका पोराच्या पगाराचं आहे, आणि थोडं आपल्या धर्माचंही आहे. इतक्या क्षुल्लक गोष्टीत धर्म कशाला आणता, असं कुणी विचारील. त्यांना एवढंच सांगते की क्षुल्लक जीव असा प्रकारच आपल्या धर्मात नाही.

गेल्या ऑक्टोबरात आम्ही श्रवणबेळगोळला गेलो होतो. चातुर्मास चालू होता. महाराजांचं दर्शन झालं, आहार देण्याचा योग आला, डोंगर चढून झाला, सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. परत निघालो ते उशिरानं. दावणगेरे मागं पडलं आणि ऊन उतरायला लागलं तशा सासूबाई म्हणाल्या, "दिवस मावळायच्या आत खाऊन घ्या रे सगळे." रस्त्याकडेला चिंचेखाली गाडी थांबवली. दशम्या, शेंगाचटणी, दही. सहाच्या आत पाण्याचा शेवटचा घोट घेतला, हात धुतले, णमोकार म्हटला आणि गाडीत बसलो. सूर्यास्तानंतर आमच्या तोंडात काही गेलं नाही. का नाही, ते लहानपणीच शिकवलेलं असतं. अंधारात किडा दिसत नाही, दिव्यावर येतो, ताटात पडतो, जीव जातो.

पुढं बेळगावपर्यंत दोनशेहून जास्त किलोमीटर रस्ता होता. अंधार होता. भाऊजी शंभरच्या खाली येत नव्हते. राणेबेन्नूरच्या पुढं काचेवर टप् टप् आवाज यायला लागला. धाकट्या पुतण्यानं विचारलं, "काकू, पाऊस आला काय?"

पाऊस नव्हता.

भाऊजींनी वायपर लावला. काचेवर पांढरट-पिवळट लेप पसरला आणि समोरून येणाऱ्या दिव्यांची नुसती फुलं दिसायला लागली. वायपर कोरडा फिरवला की असंच होतं. मग एका पंपावर थांबून काच पुसून घेतली आणि रात्री साडेदहाला घरी पोचलो.

सकाळी उजेडात गाडीचं तोंड बघितलं. नंबराच्या पाटीवर अक्षरं अर्धी झाकलेली. बॉनेटच्या कडेला पतंगांच्या पंखांची पूड. जाळीत एक चतुर अडकलेला, पंख अजून शाबूत. मधमाशी ओळखू येत होती. भुंगेरे होते, हिरवे तुडतुडे होते, आणि ज्यांना नाव सुद्धा ठेवता येणार नाही असे नुसते ठिपके होते. मी मोजायला लागले आणि साठाच्या पुढं सोडून दिलं.

आता माझा पहिला मुद्दा. महाराज चातुर्मासात एका गावी का थांबतात? पावसाळ्यात जमिनीवर जीव वाढतात, गवत वाढतं, चालताना पायाखाली हिंसा होते, म्हणून. ज्यांनी किड्यांसाठी चालणं थांबवलं, त्यांच्या दर्शनाला आपण किडे चिरडत जातो. जेवण दिवसाउजेडी आटोपतो आणि प्रवास रात्रीला ठेवतो. ताटात एक किडा पडू नये म्हणून घड्याळ बघणारे आपण, काचेवर साठ किडे पडले तर वायपर लावतो. हे मला त्या सकाळी पहिल्यांदा दिसलं असं नाही. पण त्या सकाळी बघून मान वळवता आली नाही.

भाऊजी माझ्या मागं येऊन उभे राहिले. म्हणाले, "वहिनी, गाडी चालवायची म्हणजे किडे मरणारच की. एवढा विचार करत बसलो तर घरातच बसावं लागेल." आणि पाइप जोडायला सांगितला.

भाऊजींच्या या वाक्याला उत्तर आहे, ते पुढं देते. आधी पाइपाचं बघू.

पाइप मी बंद केला. म्हटलं, डाग पुढच्या बाजूला आहेत, तेवढे मी काढते, अर्धी बादली पाणी लागेल. पुरुषमंडळी हसली. त्यांना हसू आलं याचं मला नवल वाटलं नाही. ज्यानं जन्मात दुधाचं करपलेलं पातेलं घासलेलं नाही, त्याला भिजत घालणं म्हणजे काय ते माहीत नसतं. आपण बायका काय करतो? दूध लागलेल्या पातेल्यावर नळ सोडून ठेवत नाही. तळाला पाणी घालून बाजूला ठेवतो. तासाभरानं तेच खरपूड बोटानं सुटतं. किड्याचा डाग दुसरं काय असतो? त्याच्या अंगातलं पाणी, प्रथिनं, चरबी आणि वरचं कठीण कवच. इंजिनाच्या आणि उन्हाच्या तापानं ते वाळतं, शिजतं आणि चिकटून बसतं. प्रथिन वाळलं की जोरानं जात नाही, ओलाव्यानं जातं.

यात घाई मात्र हवी. गाडीच्या रंगावर जो पारदर्शक थर असतो तो केसाच्या जाडीएवढा, कधी त्याहून पातळ. डाग उन्हात दिवसचे दिवस राहिला तर त्यातली आम्लं त्या थरात उतरतात आणि पुसल्यावरसुद्धा खाली फिकट ठसा राहतो. ब्राझीलमधल्या रसायनशास्त्रज्ञांनी २००० साली दाखवून दिलं होतं की चतुर गाडीच्या चकचकीत रंगाला पाणी समजून त्यावर अंडी घालतात आणि तापलेल्या पत्र्यावर त्या अंड्यांमुळंही हा थर खराब होतो. बिचाऱ्याला आपल्या गाडीचं टप तळं वाटलं. म्हणून डाग त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी काढावा हे खरं. पण त्यासाठी सगळी गाडी धुवावी हे खरं नाही.

मी काय केलं ते सांगते, कुणालाही जमेल.

गाडी सावलीत घेतली आणि बॉनेटवर हात ठेवून बघितला. पत्रा गार असला पाहिजे, नाही तर पाणी लगेच सुकतं आणि त्याचेच डाग पडतात. अर्ध्या बादलीत कोमट पाणी घेतलं, कढत नाही. त्यात गाडीच्या शाम्पूचे चार थेंब. आधी एक तांब्या साधं पाणी डागांच्या जागेवरून सोडलं, कारण ओरखडे किड्यानं पडत नाहीत, वर बसलेल्या धुळीनं पडतात. मग मायक्रोफायबरची दोन फडकी भिजवून, अर्धवट पिळून डागांवर नुसती अंथरली. तापकऱ्याच्या कपाळावर पट्टी ठेवतो तशी. सात-आठ मिनिटं हात लावायचा नाही. फडकं सुकायला लागलं तर वरून पाणी शिंपडायचं. नंतर फडकं उचलायचं आणि त्याच्याच स्वच्छ बाजूनं, दाब न देता, एकाच दिशेनं पुसायचं. फडकं घडी पालटत राहायचं, म्हणजे काढलेला कचरा परत रंगावर फिरत नाही. नाही निघाला तर पुन्हा अंथरायचं. दोनदा अंथरल्यावर निघाला नाही असा डाग त्या दिवशी एकच होता. शेवटी कोरड्या फडक्यानं टिपून घ्यायचं.

पुढच्या काचेलाही हाच उपाय. काच रंगापेक्षा कठीण, तिथं थोडा जोर चालतो. काच पुसली की वायपरचं रबरसुद्धा ओल्या फडक्यानं पुसायचं, नाही तर पहिल्या फेऱ्यालाच तो लेप परत काचेवर येतो. दिवे काचेचे नसतात, प्लास्टिकचे असतात, तिथं जोर नको. जाळीच्या आत एसीच्या बारीक पट्ट्या असतात, त्या नखानंसुद्धा वाकतात, तिथं मऊ ब्रश आणि थोडं पाणी, बस्स. रॉकेल नको, रबर आणि प्लास्टिक दोन्ही बिघडतात. खायचा सोडा नको, त्याची कणी घासते. भांड्याचा साबण रोजचा नको, रंगावरचा मेणाचा थर धुऊन नेतो. आणि वर्षातून दोन-तीनदा गाडीच्या पुढच्या भागाला मेण लावून ठेवलं तर पुढच्या खेपेला किडा चिकटतच नाही, पहिल्या पट्टीलाच सुटतो.

सगळं मिळून वीस मिनिटं गेली आणि साधारण सहा लिटर पाणी.

आता पाइपाचा हिशोब. आमच्या अंगणातला नळ पूर्ण सोडला तर पंधरा लिटरची बादली एका मिनिटात भरते. मी घड्याळ लावून बघितलं. गाडी धुवायला बारा मिनिटं नळ चालू राहतो, मधे मोबाइल आला तर पंधरा. म्हणजे एकशेऐंशी लिटर तर झालंच. साठ किड्यांसाठी. बेळगावला पाणी येतं राकसकोपहून आणि हिडकलहून. उन्हाळ्यात राकसकोपची पातळी किती फुटांवर आली ते रोज पेपरात वाचायचं, नळाला पाणी येणार त्या दिवशी पहाटे उठून पिंपं भरायची, आणि त्याच पाण्यानं गाडीला आंघोळ घालायची! बंगळूरला २०२४ च्या मार्चमध्ये पाणीपुरवठा मंडळानं पिण्याच्या पाण्यानं गाड्या धुवायला बंदी घातली आणि पाच हजार रुपये दंड लावला. दंड लागला म्हणून लोकांना ते कळलं. आम्हांला तर दंडाशिवाय कळायला पाहिजे होतं. पाणी गाळून प्यावं, गाळल्यावर फडक्यावरची जिवाणी ज्या विहिरीतून पाणी काढलं तिथंच परत सोडावी, हे शिकवणारं आपलं घर. माझी आजी शेंदलेल्या पाण्याचं फडकं उलटं करून हळूच आडात सोडायची. तिला नळाचा असा वापर दाखवला असता तर तिनं काय म्हटलं असतं, ते मला लिहायचं नाही.

आणि पाणी म्हणजे आपल्याकडं नुसती वस्तू नाही. जलकायिक जीव म्हणून आपण पाण्यालाच जीव मानतो. मग हिशोब असा झाला: साठ जिवांचा डाग घालवायला एकशेऐंशी लिटर जीव. याला स्वच्छता म्हणायचं काय?

समंतभद्र आचार्यांनी रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाचे पाच प्रकार सांगितले आहेत. अनर्थदंड म्हणजे कामाशिवाय केलेली हिंसा. त्यातला एक प्रमादचर्या. विनाकारण जमीन खणणं, पाणी वाया घालवणं, अग्नी पेटवणं, झाडं तोडणं, आणि बायांनो, नीट ऐका, विनाकारण हिंडणं आणि दुसऱ्यांना हिंडवणं. शेकडो वर्षांपूर्वी ज्यानं हे लिहिलं त्याच्यासमोर गाडी नव्हती. पण आपली गाडी आणि आपला पाइप दोन्ही त्या यादीत सापडतात.

आता भाऊजींच्या वाक्याला उत्तर. गाडी चालवायची म्हणजे किडे मरणार, हे खरं आहे. शास्त्रानंही ते नाकारलेलं नाही. गृहस्थाला आरंभी हिंसा चुकत नाही, उद्योगी हिंसा चुकत नाही. चूल पेटवायची, शेत नांगरायचं, दुकान चालवायचं तर काहीतरी होणारच. म्हणून तर गृहस्थाला अणुव्रत दिलं, महाव्रत नाही. पण यातून लोक एक चोरवाट काढतात. चुकत नाही ना, मग बघायचंच नाही. तत्त्वार्थसूत्र उघडून बघा, उमास्वामींनी हिंसेच्या व्याख्येत प्रमादालाच पहिली जागा दिली आहे. जीव गेला का, या आधी प्रश्न आहे, तू सावध होतास का? अटळ तेवढं अटळ म्हणावं, हलगर्जीपणाला अटळ म्हणू नये.

सावधपणाचा आणखी एक हिशोब सांगते. मुनींच्या ईर्यासमितीत चार हात जमीन बघून पाऊल टाकायचं असतं. चार हात म्हणजे सुमारे सहा फूट. ताशी शंभर किलोमीटरनं गाडी चालली तर हे सहा फूट एका सेकंदाच्या पंधराव्या भागात मागं जातात. तेवढ्यात डोळ्याची पापणीसुद्धा पुरी लवत नाही. मी कुणाला बैलगाडीनं श्रवणबेळगोळला जा म्हणत नाही. एवढंच म्हणते की दर्शन ठरवताना दिवसाचा हिशोब जेवणापुरता करू नका, प्रवासापुरताही करा. एक रात्र धर्मशाळेत राहिलो असतो तर काय बिघडलं असतं? दुसऱ्या दिवशी दुकान दोन तास उशिरा उघडलं असतं. किडा दिव्याकडं येतो हे आपल्याला समईवरून ठाऊक आहे, आणि गाडीचे दोन दिवे म्हणजे धावणाऱ्या समयाच की. रात्री निघणं भागच असेल तर साठ-सत्तरनं चला. वेग कमी असला की वारा पुष्कळ किड्यांना काचेवरून वर उचलून नेतो, ते आपटत नाहीत. पहिल्या पावसानंतर संध्याकाळी वाळवीला पंख फुटून दिव्यांभोवती ढग जमतात, त्या दोन-चार संध्याकाळी चोर्ला घाटातनं गोव्याला जायचं अडलेलं नसतं.

काही जण दुसऱ्याच बाजूनं बोलतात. आमचे एक नात्यातले अण्णा आहेत, सगळी हयात गाडी चालवली त्यांनी. ते म्हणाले, "अगं, आता कुठं किडे राहिलेत? आमच्या वेळी निपाणीपासनं बेळगावपर्यंत दोनदा काच पुसावी लागायची. आता बघ, कशी स्वच्छ राहते." त्यांना त्यात आनंद वाटला. मला नाही वाटला. हे नुसतं अण्णांचं निरीक्षण नाही, बाहेर देशांत लोकांनी मोजलेलं आहे. डेन्मार्कमध्ये एका शास्त्रज्ञानं १९९७ ते २०१७ दरवर्षी रस्त्यांच्या त्याच दोन तुकड्यांवर गाडी चालवून काचेवरचे किडे मोजले. एका तुकड्यावर ते ८० टक्क्यांनी घटले, दुसऱ्यावर ९७ टक्क्यांनी. जर्मनीत २७ वर्षं संरक्षित जागांमध्ये जाळ्या लावून उडत्या किड्यांचं वजन केलं, ते ७५ टक्क्यांहून जास्त घटलेलं निघालं. ते २०१७ साली छापून आलं. इंग्लंडमध्ये २००४ साली हजारो गाडीवाल्यांनी नंबरपाटीवरचे डाग मोजून पाठवले होते, पुढं तिथं ही मोजणी पुन्हा झाली तेव्हा आकडा खाली आलेला निघाला.

हे सगळं गाड्यांनी केलं असं मी म्हणत नाही. शेतातली औषधं आहेत, बांध गेले, गवत गेलं, रात्रभर जळणारे दिवे आले. पण अण्णांच्या स्वच्छ काचेचा अर्थ एवढाच की मरायला सुद्धा किडे उरले नाहीत. उरलेत ते साठ आमच्या नंबरपाटीवर होते. त्यातली मधमाशी आमच्याच तूर-सूर्यफुलाच्या शेतात फिरणारी असेल. मोजून झाल्यावर मला त्या डागांची किळस वाटेना. किळस आली असती तर पाइपच लावला असता.

इथपर्यंत मी दुसऱ्यांना बोलले. आता माझं स्वतःचं.

त्याच्या आदल्या वर्षी असाच एक प्रवास झाला होता. आमच्याकडं तेव्हा गाडी धुवायला एक मुलगा यायचा, सोळा-सतरा वर्षांचा. पहाटे पाचला गल्लीतल्या सात-आठ गाड्या धुवायचा आणि मग कॉलेजला जायचा. त्या दिवशी डाग दोन दिवसांचे होते, वाळून घट्ट झालेले. पाण्यानं जाईनात. त्यानं दारात येऊन विचारलं, "अक्का, घासायला काही आहे काय?" मी स्वयंपाकघरातली हिरवी घासणी उचलून त्याच्या हातात दिली. पोराला घाई होती, मलाही होती. डाग गेले. आणि बॉनेटवर जिथं जिथं डाग होते तिथं तिथं गोल गोल ओरखडे उठले, उन्हात बघितले की कोळ्याच्या जाळ्यासारखे दिसायचे.

संध्याकाळी ते पुरुषांच्या नजरेला पडले. पॉलिशवाल्यानं सांगितलेली रक्कम ऐकून आवाज चढले. मुलाला बोलावलं. तो म्हणाला, "घासणीनं घासलं." घासणी कुठून आली हे कुणी विचारलं नाही, त्यानंही सांगितलं नाही. माझ्याकडं एकदा बघितलं फक्त. मी भाजी निवडत होते. मी गप्प बसले. त्याचा त्या महिन्याचा पगार कापला. तो परत आला नाही.

अहिंसेवर व्याख्यानं ऐकत, दशलक्षणाला उपास करत मी इतकी वर्षं काढली. किडा मेला तर प्रायश्चित्त घेते. आणि एका पोराचा महिन्याचा पगार माझ्यामुळं गेला तेव्हा मी भाजी निवडत होते. सत्याणुव्रत नुसतं खोटं बोलू नका एवढंच सांगत नाही. माझं गप्प बसणं हे खोटं बोलणंच होतं.

मग त्या ऑक्टोबरच्या सकाळी, फडकी पिळत असताना, मी सगळ्यांसमोर ते सांगितलं. घासणी मी दिली होती म्हणून. कुणी काही बोललं नाही. सासूबाई तेवढ्या म्हणाल्या, "मग तेव्हाच बोलायचीस." खरं आहे. तेव्हाच बोलायला पाहिजे होतं. किड्याच्या डागासारखंच आहे हे, त्याच दिवशी पुसला तर ओल्या फडक्यानं जातो, राहू दिला तर खाली ठसा उमटतो.

त्या मुलाचं घर शोधून मी पैसे दिले. तो घरी नव्हता, त्याच्या आईनं घेतले. पाणी प्या म्हणाली, प्याले. आणखी काही झालं नाही. त्यानं माफ केलं की नाही, मला कळलेलं नाही, आणि ते विचारायचा माझा अधिकारही नाही.

तेव्हा माझं म्हणणं थोडक्यात असं. गाडी चिखलानं बरबटली असेल, पणजीच्या खाऱ्या वाऱ्यात चार दिवस उभी असेल, तर जरूर धुवा. चिखलावर फडकं फिरवलं तर ओरखडेच पडतील, आणि मीठ पत्रा खातं. पण बादलीनं धुवा, पाइप सोडून नव्हे. आणि नुसते किड्यांचे डाग असतील तर डाग तेवढा पुसा. ज्यानं गाडी चालवली त्यानंच पुसावा, पहाटेच्या पोराला त्यासाठी बोलावू नये. पुसताना डोळे उघडे ठेवावेत. हा पतंग होता, ही माशी होती, हा चतुर होता, एवढं तरी बघावं. वीस मिनिटं खाली वाकून ज्यानं स्वतःच्या हातानं ते साठ डाग काढले, तो पुढच्या खेपेला रात्री शंभरनं गाडी हाणायच्या आधी एकदा तरी विचार करील. पाइप लावणारा करणार नाही, कारण पाइप दुरून चालतो. पाइपाचा मला खरा राग आहे तो यासाठी. पाणी तर जातंच, पण आपण काय केलं ते बघायची वेळ येण्याआधीच सगळं वाहून जातं.

भाऊजींना मी हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, "वहिनी, तुमचं म्हणणं पटतंय, पण वेळ कुठं असतोय?" मी म्हटलं, वेळ नाही म्हणूनच तर शंभरनं येता, आणि शंभरनं येता म्हणून पुसायला डाग होतात. ते हसले. दिवाळीनंतर बाहुबलीला जायचं ठरलंय, हातकणंगल्याच्या बाजूला. मी सांगून ठेवलंय, सकाळी उजाडल्यावर निघायचं आणि दिवस मावळायच्या आत परत यायचं, जेवणही आणि गाडीही. गाडीच्या डिकीत दोन फडकी आणि पाण्याची एक बाटली ठेवली आहे.

फडकी कुणाच्या हातात द्यायची, तेही सांगून ठेवलंय.